इजिप्तसाठी एफडी मोडू का?

साताऱ्याच्या एका इतिहासाच्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. अठ्ठावीस वर्षं फळ्यावर पिरॅमिड काढून दाखवला, डोळ्यांनी अजून पाहिला नाही. यजमान ५६ वर्षांचे, खासगी कंपनीत, गुडघे कुरकुर करू लागलेत. येत्या दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी इजिप्तला जायचा बेत आहे. सहल कंपनीचं कोटेशन माणशी १ लाख ५८ हजार. महिनाअखेर सगळे पैसे भरले तर माणशी १२ हजार सूट, पण मग रद्द केलं तर काहीही परत नाही. हाताशी ४ लाख १० हजारांची एफडी आहे. ती मोडू, की कंपनीच मिळवून देते त्या कर्जावर जाऊ, असं त्यांनी विचारलंय. इजिप्तचा पौंड पडलाय म्हणून हीच वेळ, हाही मुद्दा आहेच.

ताई, इजिप्तला तुम्ही जायलाच हवं. गुडघ्यांचं लिहिलंत, त्यामुळे "निवृत्तीनंतर बघू" असं मी म्हणणार नाही. पण या दिवाळीला नको, पुढच्या दिवाळीला जा. एफडी मोडू नका आणि कर्जही काढू नका.

एफडीचं आधी सांगते. घरखर्च ४२ हजार आणि गृहकर्जाचा हप्ता १९ हजार, म्हणजे महिन्याला ६१ हजार. तुमची एफडी ही साडेसहा महिन्यांची शिदोरी आहे. सूट घेऊन, ५ टक्के जीएसटी धरून कंपनीला ३ लाख ६ हजार ६०० द्याल. उरतील लाखभर. व्हिसा, टिप, कोटेशनमध्ये नसलेली जेवणं, अबू सिंबेलच्या देवळांची जादा सहल यांचे ४०-४५ हजार त्यातून गेले की हातात जेमतेम एका महिन्याचा खर्च राहतो. यजमानांच्या कंपनीत माणसं कमी करताहेत, हे तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहिलंय. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

कर्जाचा हिशोब सोपा आहे. ३ लाख, १४ टक्के, २४ महिने: हप्ता साधारण १४,४०० आणि व्याज ४५,७००. जिच्यासाठी घाई चाललीय ती सूट जीएसटीसकट २५ हजारांची. शिवाय सहलीचे फोटो जुने झाले तरी हप्ते चालूच राहणार.

आता "इजिप्तचा पौंड पडलाय, म्हणून हीच वेळ" हा मुद्दा. पौंड पडला हे खरं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये पडला आणि मार्च २०२४ मध्ये एका झटक्यात डॉलरला ३१ वरून ५० च्या आसपास गेला. पण त्याचा फायदा परदेशी पाहुण्याला रस्त्यावरच्या कोशारीच्या (भात-मसूर-पास्त्याच्या) ताटात होतो, हॉटेलच्या खोलीत फारसा नाही. चांगली हॉटेलं आणि नाईलवरच्या क्रूझ आपल्याला दर डॉलरमध्येच सांगतात. स्मारकांची तिकिटं पौंडात असतात, पण परदेशी माणसाचा दर वेगळा आणि तो वाढवत नेलेला. आपणही अजिंठ्याला ४० रुपये देतो आणि परदेशी पाहुण्याकडून ६०० घेतो, तसंच. तेव्हा तुमच्या सहलीचा भाव पौंड नाही, डॉलर आणि रुपया ठरवणार.

हॉटेलचा दर वाचताना एक गोष्ट फार जपा. ८० डॉलर लिहिलेलं असतं आणि पुढे बारीक अक्षरात 'कर वेगळे'. तिकडे साधारण १२ टक्के सेवाशुल्क लागतं आणि त्या बेरजेवर १४ टक्के व्हॅट. ८० चे ८९.६० होतात आणि मग १०२. पाच रात्रींचे ११० डॉलर जादा, डॉलर ९० रुपये धरला तर दहा हजारांच्या आसपास. म्हणून बुकिंग करताना शेवटच्या पानावरचा, सगळं धरून आलेला आकडाच वहीत लिहा.

पैसे कुठे घालायचे यावर माझं मत ठाम आहे. लक्झर ते आस्वान चार रात्रींची क्रूझ घ्या आणि तिथे हात आखडू नका. खोली, तिन्ही वेळचं जेवण आणि प्रवास एकातच होतो, बॅगा रोज उचलाव्या लागत नाहीत, एडफू आणि कोम ओम्बोची देवळं वाटेतच येतात. गुडघ्यांसाठी हे लाखमोलाचं आहे. फक्त आधी विचारा की केबिन कोणत्या मजल्यावर आहे आणि बोटीला लिफ्ट आहे का. काटकसर करायची तर कैरोत. शहराच्या मध्यात महागडं हॉटेल घेण्यापेक्षा गिझाच्या बाजूला साधं, स्वच्छ हॉटेल पाहा. पिरॅमिड तिथे आहेतच, आणि १ नोव्हेंबर २०२५ ला रीतसर उघडलेलं ग्रँड इजिप्शियन म्युझियमही तिथून जवळ. तुतानखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून जास्त वस्तू तिथे एकत्र मांडल्या आहेत, तुम्ही दोन दिवस तिथून हलणार नाही. टॅक्सीचे पैसे वाचतील.

हे सगळं स्वतः बुक केलं, मुंबई-कैरो थेट विमान घेतलं, तर दोघांचे ३ लाख ३५ हजारांपर्यंत होतील असा माझा अंदाज. सूट न घेता कंपनीबरोबर गेलात तर वरखर्चासकट पावणेचार लाख. फरक ४० हजारांचा. तेवढ्यासाठी धास्ती वाटत असेल तर कंपनीबरोबरच जा, त्यात चूक काही नाही. मात्र पॅकेजवर टीसीएस, म्हणजे तुमच्या नावावर आगाऊ आयकर, घेतील. तो खर्चात धरू नका, विवरणपत्र भरताना वळता होतो. शाळेच्या लेखा विभागाला पावती दिलीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमाने पगारातल्या टीडीएसमध्येही तो जमेस धरता येतो.

एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिन्याला २४ हजार उरतात. त्यातले १८ हजार पगार होताच आरडीत टाका. सोळा महिन्यांत साडेसहा टक्क्यांनी ३ लाखांच्या पुढे जातील. मार्चमध्ये मनीबॅक विम्याचे ५० हजार येताहेत, ते यात मिळवा. साडेतीन लाख झाले. रुपया घसरला किंवा पॅकेज घेतलंत, तर कमी पडतील ते शेवटच्या महिन्यांच्या शिलकीतून भरा. मे महिन्याची सुट्टी आधी येते, पण तेव्हा लक्झरला पारा चाळिशीपार असतो. तेव्हा नकोच.

विमानाचं तिकीट पाच-सहा महिने आधी काढा. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी. माझ्या एका क्लायंटने परत न मिळणारं बुकिंग केलं होतं. निघायच्या आठ दिवस आधी आई पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि सगळे पैसे गेले. प्रवास विमा घेताना यजमानांचं गुडघ्याचं दुखणं फॉर्मवर लिहा. लपवलंत तर दावा तिथेच अडतो.

तिथे कार्ड जवळ ठेवा, गिझाला तिकीट खिडकीवर रोख चालत नाही. मशीनने "रुपयांत की पौंडात" विचारलं तर पौंडच दाबा. सुट्टे पौंड मात्र खिशात हवेत. दार उघडणारा, बॅग उचलणारा, थडग्यात दिवा दाखवणारा, सगळे 'बक्शीश' मागतात. शब्द आपलाच आहे, समजायला अडचण येणार नाही.

आरडी टाकून उरलेल्या सहा हजारांतले तीन हजार या महिन्यापासून यजमानांच्या फिजिओथेरपीला लावा. अबू सिंबेलला जायचं तर आस्वानहून पहाटे चारला निघावं लागतं, जाऊन-येऊन सात तास गाडीत बसून राहायचं. त्या दिवसाची तयारी आत्ताच सुरू करायला हवी.