जुना डिझेल ताफा आणि उत्सर्जनाची अट: आधी इंजिनाची पाटी वाचा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बांधकामाची तीसेक डिझेल यंत्रं आहेत, निम्मी जुनी, नव्या कंत्राटात उत्सर्जनाची अट आली आहे, तर जुनी सगळी विकावी लागतील का? आणि मेकॅनिक म्हणतो की सारखा तुंबणारा डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) काढून साधी नळी बसवू, ते करावं का?

दुसऱ्याचं आधी सांगतो: अजिबात करू नका. फिल्टर काढला की ते यंत्र ज्या दर्जाचं म्हणून घेतलं, त्या दर्जाचं राहत नाही. कागदावर तुम्ही एक लिहून देता आणि साइटवर दुसरंच उभं असतं. अमेरिकेत अशी छेडछाड क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी त्या धुराच्या सगळ्यात जवळ आपलाच ऑपरेटर आणि हेल्पर असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. ते वाचल्यापासून मी या प्रश्नाकडे फक्त कागदपत्रांचा प्रश्न म्हणून बघू शकत नाही.

आता नियम. ते दोन जातींचे असतात आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. पहिली जात नव्या इंजिनांची, म्हणजे धूर किती असावा याचे चढत्या कडकपणाचे टप्पे: अमेरिकेतले टिअर, युरोपातले स्टेज, भारतातले बांधकाम यंत्रांसाठीचे सीईव्ही टप्पे (पाचवा टप्पा १ जानेवारी २०२५ पासून). ही जबाबदारी बनवणाऱ्याची. त्यामुळे तुमच्या दारातलं जुनं यंत्र एका रात्रीत बेकायदा होत नाही. दुसरी जात वापरातल्या यंत्रांची, आणि तो भार मालकावर. कॅलिफोर्नियाचा २००७ चा नियम हे त्याचं कडक उदाहरण. २५ अश्वशक्ती किंवा त्याहून मोठ्या, स्वतःच्या बळावर चालणाऱ्या प्रत्येक डिझेल यंत्राची नोंद करायची, मिळालेला क्रमांक यंत्रावर लावायचा, आणि काम नसताना इंजिन ५ मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवायचं नाही. ताफा लहान की मोठा, हे तिथे यंत्रं मोजून ठरत नाही, एकूण अश्वशक्तीवर ठरतं. लंडनमध्येही २०१५ पासून ३७ ते ५६० किलोवॅटची यंत्रं बांधकामाच्या जागी आणायची तर ठरावीक स्टेजचं इंजिन लागतं. तुमच्या कंत्राटातलं वाक्य शब्दन्‌शब्द वाचा. ‘टिअर ४’ आणि ‘टिअर ४ फायनल’ यांत मोठा फरक आहे.

मग पाटी, म्हणजे इंजिनावर दर्जाची माहिती देणारी पट्टी. यंत्राचं वर्ष आणि इंजिनाचा दर्जा यांची सांगड लागेलच असं नाही. टिअर ४ लागू होताना उत्पादकांना सवलत होती. ठरावीक संख्येपर्यंत नव्या यंत्रात आधीच्या टप्प्याचं इंजिन बसवता येत होतं. आमच्या एका लोडरचं हेच झालं. आम्ही वर्षावरून दर्जा लिहिला होता, तपासणीत पाटी वाचली गेली आणि इंजिन एक पायरी खालचं निघालं. सगळी यादी पुन्हा करावी लागली. म्हणून चिंधी घेऊन प्रत्येक इंजिनावरचं तेल-ग्रीस पुसा, पाटीचा स्पष्ट फोटो काढा. अमेरिकेत प्रमाणित झालेल्या इंजिनावर १२ अक्षर-अंकांचं ‘इंजिन फॅमिली’ नाव असतं. त्यातली पहिली खूण मॉडेल वर्षाची. पाटीच गायब असेल तर इंजिनाचा सिरीयल क्रमांक उत्पादकाला कळवून लेखी उत्तर मागवा. तोंडी उत्तराला तपासणीत काही किंमत नाही.

फिल्टर तुंबतो त्याचं खरं कारण बहुधा रिकामं चालणारं इंजिन असतं. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जळायला उष्णता लागते. यंत्र भाराखाली असेल तर बरीच काजळी आपोआप जळते. नाहीतर जादा डिझेल वापरून फिल्टर ५५०-६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, त्यालाच आपण रीजन म्हणतो. आता साइटवर काय होतं ते आठवा. डंपर यायला वेळ आहे, एक्सकॅव्हेटर तासभर नुसता धडधडतोय. एक्झॉस्ट थंड, काजळी साठतेय. दिवा लागतो, रीजन सुरू होतं आणि तेवढ्यात सुट्टी झाली म्हणून ऑपरेटर किल्ली काढतो. असं पुन्हा पुन्हा झालं की फिल्टर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि बोल मात्र फिल्टरला लागतो. एससीआर (युरियाचं द्रावण फवारून धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा) असलेल्या यंत्रात थंड एक्झॉस्टमुळे युरियाचे खडे धरतात, ते वेगळंच. म्हणून कुठल्याही ताफ्याचा अहवाल हातात आला की मी आधी एकूण तासांपैकी रिकामे तास किती ते बघतो. ऑपरेटरला दिव्यांचा अर्थ समजावून सांगा आणि चालू रीजन मध्येच थांबवायचं नाही हे फोरमनलाही पटवा, कारण घाई बहुतेक वेळा त्याचीच असते.

काजळी जळते, पण राख जळत नाही. ती इंजिन ऑइलमधल्या घटकांतून येते आणि कितीही रीजन केलं तरी फिल्टरमध्येच राहते. तो उतरवून खास मशीनवर साफ करून घ्यावा लागतो. स्टोअरमधलं जुनं ऑइल सरसकट सगळ्या यंत्रांत ओतलं जात असेल तर ते आजच थांबवा. डीपीएफवाल्यांना कमी राखेचं, सीके-४ सारख्या दर्जाचं ऑइल आणि अत्यल्प गंधकाचं डिझेलच हवं. एससीआरसाठी लागणारं डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यातला ३२.५ टक्के युरिया. त्यात नळाचं पाणी घालायचं नाही, पिंप उन्हात ठेवायचं नाही. चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर किल्लीला हात न लावता टाकी रिकामी करा. एकदा इंजिन सुरू केलं की इंजेक्टरपर्यंत नुकसान जातं.

राहिली जुनी यंत्रं. सगळी विकायची गरज नसते. वर्षाला थोडेच तास चालणाऱ्यांना काही ठिकाणी वेगळी मुभा असते. कॅलिफोर्नियात ती सीमा वर्षाला २०० तासांची आहे. ज्याची चेसिस आणि हायड्रॉलिक्स धडधाकट आहेत त्यात नवं इंजिन बसवण्याचा विचार करा, पण नवं इंजिन, रेडिएटर आणि फिल्टर त्या जागेत मावतात का हे मोजून मगच. नंतर बसवायच्या फिल्टरबाबत मी सावध असतो. विक्रेत्याला आधी त्या यंत्राच्या एक्झॉस्टचं तापमान नेहमीच्या कामात काही दिवस नोंदवायला सांगा. ते पुरेसं चढत नसेल तर आपोआप साफ होणारा फिल्टर त्या यंत्रावर टिकणार नाही. शिवाय फिल्टरचं धूड बॉनेटवर बसून ऑपरेटरला मागचं दिसेनासं होत असेल तर ते यंत्र तसं चालवू नका.

पाट्यांची यादी झाली की कंत्राटातली अट तिच्याशेजारी ठेवा. कोणतं यंत्र या साइटवर चालेल, कोणतं दुसरीकडे पाठवायचं आणि कोणतं खरंच काढायला हवं, हे तिथेच दिसेल. एखाद्या इंजिनाबाबत अडलं तर पाटीवरचा मजकूर आणि अटीचं वाक्य जसंच्या तसं कळवा, मी बघून सांगतो.