आख्यानं आजोबांच्या कंठात, दडपण मात्र नातवावर

प्रश्न : आमच्या घरात चार पिढ्या देवीचा गोंधळ घालायची परंपरा आहे. वडील ७६ वर्षांचे, आख्यानं तेच लावतात; मी संबळ वाजवतो. मुलाला दहावीला ७१ टक्के पडले. संबळावर त्याचा हात चांगला आहे, पण आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचं म्हणतो. मी त्याची कागदपत्रं काढून घेतली आहेत. तो याच लाइनीत राहील असा लोकसंगीताचा कोर्स सांगा. – एक पालक, जि. धाराशिव

उत्तर : तुमच्या पत्रात काळजी वाटावी अशी गोष्ट एकच, ती म्हणजे काढून घेतलेली कागदपत्रं. ती आजच परत द्या. आयटीआयचे प्रवेश ऑनलाइन फेऱ्यांनी होतात. फेरी हुकली की हवा तो ट्रेड हातचा जातो. आणि त्याचा राग मुलगा तुमच्यावर काढणार नाही, संबळावर काढेल. धाकानं आज तो कार्यक्रमाला उभा राहील. कमावता झाला की पहिलं काय सोडेल, तर हेच.

खरं तर वायरिंगचं काम आणि गोंधळ यांचं भांडणच नाही. तुमच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या लग्नसराईत आणि नवरात्रात. चातुर्मासात लग्नं नसतात तेव्हा घर कसं चालतं, हे तुम्ही जाणताच. पदरात धंदा असलेल्या कलावंताला पडेल त्या पैशात सुपारी घ्यावी लागत नाही.

कोर्सबद्दल थोडक्यात सांगतो. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीतलं एम.ए. पदवीनंतरचं. केंद्र सरकारची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती (दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं) १८ ते २५ वयाला आणि गुरूकडे निदान पाच वर्षं शिकलेल्याला. तिचा विचार दोन वर्षांनी करा, तोही मुलाची इच्छा असेल तर.

आता तुमचा खरा गैरसमज. मुलानं संबळ धरला की गोंधळ टिकला, असं तुम्ही धरून चालला आहात. संबळ वाजवणारी पोरं जत्रांमध्ये, मिरवणुकांमध्ये आजही भेटतात. अवघड आहे ते रात्रभराचं आख्यान : चौक (देवीच्या पूजेची मांडणी) मांडल्यावर कोणत्या देवतेला कोणत्या क्रमानं बोलवायचं, द्रौपदीच्या जांभळाची कथा कुठे थांबवून पद घ्यायचं, साथीदारानं कुठे आडवा प्रश्न टाकायचा. हे तुमच्या वडिलांना येतं. तुम्हाला स्वतःला किती आख्यानं एकट्यानं लावता येतात, ते पत्रात नाही. माझ्या मते शिकायची पाळी आधी तुमची आहे, मुलाची नंतर.

यंदाच्या पावसाळ्यात वडिलांसमोर बसा आणि रेकॉर्डिंग करा. कार्यक्रमातलं रेकॉर्डिंग फारसं कामाचं नाही. संबळ आणि भोंग्यात शब्द बुडतात. घरात, पंखा बंद करून, साथीला फक्त तुणतुणं घ्या. मोबाइल हातात धरू नका. एअरप्लेन मोडवर टाकून त्यांच्या तोंडापासून दीड-दोन फुटांवर जाड घडी केलेल्या कापडावर ठेवा. सुरुवातीला आख्यानाचं नाव, तारीख, गाव बोला. एका आख्यानाची एक फाइल. साथीदाराच्या जागी तुम्ही बसा, कारण समोर प्रश्न करणारा नसेल तर सांगणारा कथा आवरती घेतो. महिन्याभरानं तेच आख्यान पुन्हा घ्या. गद्य दरवेळी बदलतं, पदं बहुधा कायम राहतात. काय पाठ आहे आणि काय त्या क्षणी सुचलेलं, ते दोन्ही ऐकल्यावरच कळतं. वडिलांना ‘मागच्या वेळी वेगळं म्हणालात’ असं टोकू नका.

संबळ निराळा रेकॉर्ड करा. आधी प्रत्येक तोंडाचे बोल सुटे, मग ठेका संथ लयीत, मग कार्यक्रमाच्या लयीत. यावेळी मोबाइल पाच-सहा फूट लांब ठेवा, नाहीतर आवाज फाटतो. दमट हवेत कातडं सैल पडून सूर उतरतो, म्हणून पावसाची उघडीप असलेला दिवस धरा.

फाइल्स दोन ठिकाणी ठेवा, एक पेनड्राइव्ह घराबाहेर नातेवाइकांकडे. व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.