सगळ्या डुकरांना एकच खाद्य चालेल का? वयानुसार काय आणि किती द्यावं?

तुमच्याकडे 10 यॉर्कशायर जातीच्या माद्या आहेत आणि हॉटेलचं खरकटं फुकट मिळतंय म्हणून लहान-मोठ्या सगळ्यांना तेच घालायचं का, असं विचारलंय. नाही चालणार. मोठी जनावरं निभावून नेतील, पण पिल्लं आणि व्यालेल्या माद्या मार खातील, आणि या धंद्यातला पैसा तिथेच असतो.

आधी मादीचं सांगतो कारण नेमकं तिथेच बहुतेक जण उलटं करतात. गाभण आहे म्हणून चारी ठाव खायला घालतात आणि व्याल्यावर तेवढ्यावरच ठेवतात. गाभणकाळ साधारण 114 दिवसांचा, त्यात मादीला रोज दोन-अडीच किलो खाद्य पुरे, शेवटच्या महिन्यात थोडं वाढवा. जास्त चरबी चढली की विताना त्रास होतो, अंग जड झाल्यामुळे पिल्लं खाली चिरडतात, आणि नंतर ऐन दुधाच्या वेळी ती खातच नाही. व्यायच्या दिवशी कोंड्याचं पातळसं थोडंच द्या आणि मग चार-पाच दिवसांत वाढवत न्या, हिशोब असा की तिचं स्वतःचं दोन-अडीच किलो आणि वर दर पिल्लामागे पाव किलोच्या आसपास, म्हणजे 10 पिल्लं पीत असतील तर पाच किलोपर्यंत जातं. एवढं एका वेळी खात नाही, तीनदा विभागून घाला, उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री. पाणी कायम समोर हवं, दूध पाजणारी मादी दिवसाला 20 लिटरच्या वरही पिते.

पिल्लांना जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच चीक मिळाला पाहिजे, बारकी असतील त्यांना हाताने धरून पुढच्या सडांना लावा, तिथे दूध जास्त असतं. तिसऱ्या दिवशी आयर्नचं इंजेक्शन, कारण सिमेंटच्या कोब्यावर वाढणाऱ्या पिल्लांना दुधातून लोह पुरत नाही, पांढरीफटक पडतात. दहा-बारा दिवसांपासून क्रीप फीड (दूध पिणाऱ्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, 20-22 टक्के प्रोटीन) मूठभरच ठेवायचं आणि रोज ताजं, आंबलं की हगवण लागलीच म्हणून समजा. दूध तोडल्यावर लगेच खाद्य बदलू नका, आठवडाभर तेच चालू द्या.

वजन 20 किलोच्या पुढे गेलं की ग्रोअर, म्हणजे वाढत्या डुकरांचं खाद्य. शंभर किलो खाद्याला मका 60, सोयाबीन पेंड 20, गव्हाचा कोंडा साडेसतरा, मिनरल मिक्श्चर 2 आणि मीठ अर्धा किलो, याने 16-17 टक्के प्रोटीन बसतं. कच्चं सोयाबीन भरडून घालू नका, पचत नाही, पेंडच घ्या. बुरशी आलेला मका स्वस्तात मिळाला तरी गाभण मादीला अजिबात नको. 50 किलोनंतर पेंड कमी करून कोंडा वाढवला तरी चालतं.

आणि तुमचं खरकटं इथेच वापरा, 50 किलोच्या पुढच्या जनावरांना. त्यात बहुतांश पाणीच असतं, पिल्लाचं पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. हाडं, प्लास्टिक, टूथपिक काढा आणि अर्धा तास तरी खळखळून उकळा. मटण-डुकराचे तुकडे त्यात असतात आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर त्यातून येतो, 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आला तेव्हा गोठेच्या गोठे रिकामे झाले, त्यावर औषध नाही. खरकट्यात मीठ आधीच असतं तेव्हा वरच्या मिश्रणातलं मीठ वगळा, आणि त्या दिवशी पाण्याची टाकी रिकामी पडली नाही ना ते दोनदा बघा, मीठ जास्त आणि पाणी कमी झालं तर डुकरं झटके येऊन मरतात.