‘आमच्याकडे थेंबभरही गळत नाही!’

प्रश्न : आम्ही एक जुनं घर विकत घ्यायच्या बेतात आहोत. मालक वयस्कर आणि अतिशय सज्जन आहेत. ‘२५ वर्षांत थेंबभर गळलं नाही, आत्ताच रंग दिलाय, तपासणीबिपासणी कशाला?’ असं म्हणतात. आता तो विषय काढला तर त्यांना वाईट वाटेल, असं आमच्या ह्यांचं मत. मला मात्र चैन पडत नाही.

उत्तर : तपासून घ्या. सज्जनपणा आणि ओल एकाच घरात सुखाने नांदतात, हे मी घरं तपासताना १८ वर्षं बघते आहे. मालक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. सरळ थाप मारणारे मला बोटांवर मोजण्याइतके भेटले. बाकीचे अगदी मनापासून बोलतात, आणि तीच पंचाईत आहे. कपाटामागची भिंत त्यांनी कपाट ठेवलं त्या दिवशी शेवटची पाहिलेली असते. ‘गळत नाही’ म्हणजे जेवताना ताटात पाणी पडत नाही, एवढाच त्यांचा हिशोब.

मागे असेच एक काका माझ्याबरोबर खोल्याखोल्यांतून फिरत होते. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. मागच्या खोलीत मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, ‘इथे काही बघण्यासारखं नाही.’ न विचारता मिळालेलं आश्वासन मी खूण म्हणून वापरते. मी तिथेच थांबले. तीन भिंती विटलेल्या आणि चौथी कोरी करकरीत. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या भिंतीवर परातीएवढा फुगवटा सावलीसकट उठून आला. मग बोटाच्या पेराने ठोकत गेले. टक, टक, टक, आणि एकदम डब. प्लास्टरने वीट सोडली होती. खाली स्कर्टिंगच्या वर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा. पाणी भिंतीतून बाहेर येऊन वाळतं, तेव्हा आतले क्षार असे मागे ठेवून जातं. मॉइश्चर मीटरही लावला. हा मीटर बहुतेक वेळा लाकडासाठी जुळवलेला असतो, त्यामुळे प्लास्टरवरचा त्याचा आकडा प्रमाण मानायचा नसतो. पण कोरड्या भिंतीशी ताडून पाहायला बरा. शेजारच्या भिंतीवर गप्प बसलेला तो इथे केकाटायला लागला. पलीकडे बाथरूम होतं.

काका म्हणाले, ‘तो डाग जुनाच आहे हो. दरवर्षी रंग दिला की जातो.’

दरवर्षी! आपण काय बोललो, ते त्यांचं त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

मी वाद घातला नाही. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बूच मारलं, दोन बोटं पाणी भरलं आणि पातळीला पेन्सिलीने रेघ मारली. भिंतीवर ओलीच्या कडेकडेनेही रेघ ओढली आणि शेजारी तारीख लिहिली. बाथरूम दोन दिवस बंद ठेवायला सांगितलं. परत गेले तेव्हा पाणी रेघेच्या चांगलंच खाली उतरलं होतं आणि ओल रेघ ओलांडून हातभर पुढे गेली होती. काका चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. ‘म्हणजे इतकी वर्षं मी नुसता रंगाऱ्यालाच बोलावत होतो,’ एवढंच बोलले.

तुमच्या मालकांना ‘गळतं का?’ असं विचारूच नका, उत्तर ठरलेलं आहे. ‘शेवटची दुरुस्ती कधी केलीत, कुठे केलीत, कुणाकडून केलीत?’ असं विचारा. घराबद्दल अभिमान असलेला माणूस ते रंगवून सांगतो. तेवढं सगळं लिहून घ्या आणि तपासणी करणाऱ्याच्या हातात द्या. आणि ह्यांना सांगा, वाईट वाटलंच तर ते दोन दिवसांत जातं.

प्रश्न : घर विकण्याआधी मी स्वतःहून तपासणी करून घेतली. आरसीसीबीचं (विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या खटक्याचं) टेस्ट बटण दाबून अर्थिंग उत्तम असल्याचं मी दाखवलं. स्लॅबच्या खालची चीर नुसती प्लास्टरची आहे, हे ठेकेदाराने सांगितल्याचंही बोललो. तरी अहवालात ‘मालकाच्या सांगण्यानुसार’ असं लिहिलं. हा अविश्वास नाही का?

उत्तर : नाही. तुम्ही सांगितलेलं आणि तपासणाऱ्याने पाहिलेलं यांत त्याने भेसळ केली नाही, हे चांगलंच झालं.

टेस्ट बटणाचं म्हणाल, तर ही फसगत शिकलेल्या माणसांचीही होते. ते बटण दाबलं की त्या डबीच्या आतल्या आतच खोटी गळती तयार होते आणि खटका पडतो. खटका चालतो, इतकंच त्यातून कळतं. तुमच्या तीन पिनांच्या सॉकेटमागे दोनच वायरी असल्या, अर्थची नसलीच, तरी तो तितक्याच ऐटीत पडेल. अर्थिंग सॉकेटवर मीटर लावूनच बघावं लागतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जीव वाचवतो, म्हणून तो बसवलात हे छानच. पण त्याला अर्थिंगचा जामीनदार करू नका.

चिरेबाबत ठेकेदार काय म्हणाला यापेक्षा चीर कुठून कुठे जाते ते बघा. जाळीसारख्या बारीक, वेड्यावाकड्या चिरा बहुधा प्लास्टर वाळताना पडलेल्या असतात. पण आखल्यासारखी सरळ असेल, सळईच्या ओळीने जात असेल आणि कडेला तांबूस डाग असेल, तर आतली सळई गंजायला लागली आहे असं धरून चालावं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून करून घेतो. वरून पुट्टी भरली तर गंज थांबत नाही, फक्त दिसत नाही.

आता माझीच फजिती सांगते. माझं घर मी एका सहकाऱ्याकडून तपासून घेतलं. जिन्यापाशी मीच म्हणाले, ‘ती खिडकी सोड रे, ती ठीक आहे.’ त्याने वहीत लिहिलं, ‘मालकिणीच्या सांगण्यानुसार खिडकी ठीक.’ मग चौकटीचं खालचं लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचलं. रंगाचा पापुद्रा फुटला आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. वाळवी! रोज मीच ती खिडकी उघडत होते.

प्रश्न : मी या कामात नवा आहे. मालक पाठ सोडत नाहीत, प्रत्येक गोष्टीवर ‘त्याचं काही नाही हो’ म्हणतात. काम कसं करावं?

उत्तर : त्यांना कामाला लावा. टेपचं एक टोक द्या, टॉर्च धरायला द्या. भिंत ठोकायची वेळ आली की म्हणा, ‘काका, तुम्हीच ठोका, मी ऐकतो.’ आपल्याच बोटाखाली तो ‘डब’ आवाज आला, की पुढच्या खोलीत ते आपणहून कपाट सरकवायला लागतात. दुसरी बाजू तुम्ही धरा.