डुकरांवरचे फॅटी लिव्हरचे प्रयोग वाचून हुमणातला नारळ बंद करावा का?

तुमच्या वडिलांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. डुकरांना खोबरेल तेल चारून हाच आजार आणतात असं तुमच्या वाचनात आलं आणि आईंनी हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, नारळ घालणंच सोडलं. हे बरोबर आहे का आणि असले प्रयोग डुकरांवरच का करतात, असं तुम्ही विचारलं आहे.

त्या प्रयोगांच्या भरवशावर नारळ सोडायचं कारण नाही. मी पशुवैद्यक आहे, शिकलो परळला, काम करतो फोंड्यात, म्हणून डुकराच्या बाजूने सांगतो.

उंदरांवर काम स्वस्तात आणि झटपट होतं. मेथिओनीन आणि कोलीन ही पोषकद्रव्यं काढलेलं खाद्य दिलं की काही आठवड्यांत त्यांचं यकृत चरबीने भरतं, सुजतं. पण तो उंदीर वाळत जातो, आणि आपल्याकडचा रुग्ण बहुधा पोट सुटलेला, साखर वाढलेली असा असतो. डुक्कर आपल्यासारखंच सगळं खातं. त्याचं यकृत इतकं मोठं की एकाच जनावराची पुन्हा पुन्हा बायोप्सी घेता येते आणि माणसांच्याच एमआरआय यंत्रात ते तपासता येतं. आजार त्याच जिवात पुढे कसा सरकतो हे बघायला मिळणं, ही फार मोठी गोष्ट आहे.

पण डुक्कर लठ्ठ झालं म्हणून त्याचं यकृत चरबट होत नाही. नाताळच्या सुमारास कापलेलं डुक्कर बघा. पाठीवर बोटं बुडतील एवढी चरबी, आणि यकृत मात्र गडद तांबूस, कडा धारदार, वर षट्कोनी जाळी स्वच्छ दिसते. साखरेपासून नवी चरबी बनवण्याचं काम डुकरात जवळजवळ सगळं चरबीच्या पेशीच करतात, माणसात ते मुख्यतः यकृताकडे असतं. त्यामुळे डुकरात हा आजार आणायचा तर खाद्यात भरपूर चरबी, फ्रुक्टोज आणि वरून कोलेस्टेरॉल घालावं लागतं, कोलीनही कमी ठेवतात. तुम्ही वाचलेलं खोबरेल तेल अशा मिश्रणातलं एक असतं.

जातीचाही फरक पडतो. अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळच्या ओसाबॉ बेटावरची डुकरं चरबी साठवण्यात पटाईत. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा आहारावर 24 आठवड्यांत त्यांच्या यकृताच्या पेशी फुगल्या, सूजही दिसली. गॉटिंगेन मिनीपिग ही डुकरांची छोटी जात लठ्ठ होते, पण तिच्या यकृताला सहसा एवढी इजा होत नाही. म्हणून नुसतं ‘डुकरांवर सिद्ध झालं’ म्हणून भागत नाही. कुठलं डुक्कर, काय खाल्लं, किती दिवस, हे बघायलाच हवं.

फायब्रोसिसच्या, म्हणजे यकृतात तंतू वाढण्याच्या, बाबतीत तर मी जास्तच कडक आहे. वर सांगितलेली जाळी म्हणजे तंतूंचे पडदेच, आणि ते निरोगी डुकरातही असतात. त्यात मोकळ्या फिरणाऱ्या डुकरांच्या यकृतावर पांढरे दुधाळ डाग असतात, जंतांच्या अळ्या यकृतातून गेल्याच्या त्या खुणा. तिथेही तंतूच वाढलेले असतात. जंतांचं औषध दिलं होतं का, साध्या खाद्यावरची डुकरं तुलनेला होती का, हे लिहिलेलं नसेल तर तो निष्कर्ष मी बाजूला ठेवतो.

काय खावं हे मात्र माणसांवरच्या अभ्यासांनाच विचारावं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या अभ्यासात जाड्या लोकांना 3 आठवडे रोज 1000 कॅलरी जास्त दिल्या. जादा कॅलरी संपृक्त चरबीतून आल्या तेव्हा यकृतातली चरबी 55% वाढली, साखरेतून आल्या तेव्हा 33%, आणि असंपृक्त चरबीतून आल्या तेव्हा 15%. त्या संपृक्त चरबीत खोबरेल तेल होतं, तसं लोणी आणि चीजही होतं. पण ते सगळं रोजच्या जेवणावर चढवलेलं जास्तीचं खाणं होतं. आमटीत पडणारा वाटीभर वाटलेला नारळ अख्ख्या घरात वाटला जातो, त्याची आणि याची बरोबरी होत नाही.

वडिलांचं वजन जास्त असेल तर ते 7 ते 10% उतरवणं यकृताला सगळ्यात जास्त मानवतं. दारू, फेणीसुद्धा, बंद करायला सांगा, गोड पेयं आणि बेकरीचे पदार्थ कमी करा, आणि फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करायची गरज आहे का हे डॉक्टरांना विचारा. हुमण बेताचा नारळ घालून खुशाल करा, भात मात्र थोडा कमी वाढा.