मुंबईतल्या न्यायालयीन थरारकथेत दहशतवादाच्या आरोपीचा वकील वाचकाला पटेल असा कसा रंगवावा?

त्याच्या तोंडी भाषणे घालू नका, त्याच्या हाती पुरावा द्या. २६/११ च्या खटल्यात सहआरोपी फहीम अन्सारीचा म्हणून दाखवलेला नकाशा ठार झालेला हल्लेखोर अबू इस्माईल याच्या पँटच्या खिशात सापडला, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. परंतु पँट रक्ताने माखलेली असताना नकाशावर रक्ताचा डागही नव्हता. कसाबला दोषी ठरवणाऱ्या त्याच न्यायालयाने ३ मे २०१० रोजी फहीमला निर्दोष सोडले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. त्याचे वकील शाहिद आझमी यांना मात्र हा निकाल पाहता आला नाही, कारण ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील कार्यालयातच त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली होती.

यंत्रणेचा पूर्वग्रह दाखवायचा असेल, तर एखादा खलनायकी पोलीस कशाला हवा? एरवी पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, पण मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या कलम १८ खाली अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा ठरू शकतो. तुमची उलटतपासणी तिथेच रंगू द्या, आणि मृतांचे नातेवाईक मागच्या बाकावर बसलेले असू द्या; त्यांनाही खरा गुन्हेगारच हवा असतो.