गिरगावचा बाजार, कलामहोत्सव आणि गाळ्यांचं गणित

तुमचा प्रश्न मी असा समजलो. भुयारी मेट्रो सुरू झाली, गिरगाव स्थानकातून रोज माणसं वर येतात, तरी ठाकूरद्वार ते प्रार्थना समाज या पट्ट्यातली जुनी दुकानं एकेक करून शटर ओढतायत. व्यापारी मंडळातल्या तरुणांनी फोर्टातल्या काळा घोड्यासारखा कलामहोत्सव, भिंतींवर चित्रं आणि महिनाभराची तात्पुरती दुकानं असा बेत आखलाय. त्याने बाजार सावरेल का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. महोत्सव शेवटी ठेवा. पैसा आणि माणसं दोन्ही आधी गाळ्यांवर आणि संध्याकाळच्या वेळेवर लावा. व्यापारी मंडळाच्या कामात उमेदीची वर्षं गेली आहेत, त्या जोरावर लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

काळा घोड्याचं नाव सगळेच घेतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. तो महोत्सव १९९९ साली सुरू झाला, फेब्रुवारीत नऊ दिवस चालतो आणि गर्दी अफाट होते. पण त्याच चौकातलं ऱ्हिदम हाउस हे कॅसेट-सीडीचं दुकान २०१६ च्या सुरुवातीला बंद झालं. जहांगीर कलादालनातलं समोवार हे उपाहारगृह त्याच्या आदल्या वर्षी गेलं. ती महोत्सवामुळे गेली असं मी म्हणत नाही. कॅसेट-सीडीचा धंदाच संपला होता आणि समोवारचा प्रश्न जागेचा होता. पण दीड दशक दर फेब्रुवारीला लाखो पावलं दारावरून गेली, तरी उरलेल्या अकरा महिन्यांचं गिऱ्हाईक त्यातून तयार झालं नाही, हे तर दिसतंच. शिवाय महोत्सवाच्या आधीपासून तिथे जहांगीर होतं, १९५२ पासून. संग्रहालय होतं, डेव्हिड ससून वाचनालय होतं. वर्षभर येण्याचं निमित्त आधी, महोत्सव नंतर. मला विचाराल तर त्या भागातून उचलण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसणारे चित्रकार. उद्घाटन नाही, प्रायोजक नाही. रोज येतात, चित्र लावतात, भाव सांगतात, विकतात.

आपल्याकडे पाडव्याच्या शोभायात्रेला गिरगावात पाय ठेवायला जागा नसते. ढोल-ताशा, नऊवारी, बुलेटवरच्या मुली, हे सगळं अख्खा महाराष्ट्र टीव्हीवर बघतो. त्या सकाळी गल्ल्यात किती पडतं, ते रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. पाणी आणि सरबत विकणारा सोडला तर बाकीचे हसतील.

बाजार का ओसरला, याबद्दल तुमच्या प्रश्नाखाली बऱ्याच जणांनी 'मॉल आणि ऑनलाइन' असं लिहिलंय. ते अर्धंच खरं आहे. आपलं गिऱ्हाईक आधी डोंबिवली-बोरिवलीला राहायला गेलं. मग ऑपेरा हाउसचा हिरेबाजार २०१० नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात हलला. ती माणसं राहायला इथे नव्हती, पण दुपारी जेवायची, संध्याकाळी घरी जाताना काहीबाही घ्यायची. त्यानंतर मेट्रोचे पत्रे लागले आणि कित्येक वर्षं दुकानाचा दर्शनी भागच दिसेनासा झाला. ज्याच्याकडे साठवणीतला पैसा होता तो टिकला.

आता जे शिल्लक आहे ते बघा, कारण तुमचा 'क्रिएटिव्ह' माल तिथेच आहे. फणसवाडीत एकीकडे १७८३ सालचं दादीसेठ आतशबेहराम हे पारश्यांचं अग्निमंदिर, दुसरीकडे दाक्षिणात्य पद्धतीचं बालाजी मंदिर. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची लाकडी जिन्यांची घरं. केळेवाडीत १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचं नाट्यगृह. पुढे रॉयल ऑपेरा हाउस, १९९३ पासून कुलूपबंद होतं ते डागडुजी होऊन २०१६ ला पुन्हा उघडलं. आणि मधोमध कांदेवाडी.

कांदेवाडीवर जरा रेंगाळतो. लग्नपत्रिकांचा बाजार म्हटलं की मुंबईतल्या माणसाला खाडिलकर रोड, म्हणजे हीच कांदेवाडी, आठवतो. एखाद्या दुकानात अर्धा तास नुसतं बसून बघा. लग्नघरचे तिघं-चौघं आलेले असतात, काउंटरवर जाडजूड अल्बम, नवरीला मोतिया रंग हवा, आईला लाल. दुकानदार मजकुराचा कागद पुढे ओढतो आणि मग खरी गंमत सुरू होते. वर कुलदैवत कोणतं, आजोबा 'कै.' आहेत का, धाकट्या काकांचं नाव 'आपले नम्र'मध्ये घ्यायचं की 'व्यवस्थापक'मध्ये, आणि तळाला चिल्ल्यापिल्ल्यांची ओळ, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' त्याच टेबलावर पुढचं काम गुजराती कंकोत्रीचं, त्याच्या पुढचं वसईच्या चर्चमधल्या लग्नाचं. कुणाच्या पत्रिकेत कुणाचं नाव आधी येतं, कुठला रंग चालत नाही, हे त्या माणसाला तोंडपाठ असतं. मागच्या खोलीत स्क्रीनची चौकट कागदावर बसते, रबरी पट्टीने शाई एका दमात ओढली जाते, ओला कागद जाळीच्या मांडणीत सरकतो. सोनेरी फॉइलचा ठसा गरम यंत्राखाली दाबताना एका कागदाला किती वेळ द्यायचा हे कारागीर घड्याळाकडे न बघता ठरवतो. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना याच पंचक्रोशीत, काळबादेवीच्या बाजूला सुरू झाला होता. म्हणजे अक्षराचा धंदा इथे नवा नाही.

व्हॉट्सॲपने या दुकानांचं कंबरडं मोडलं हे खरं. पूर्वी गठ्ठ्यांनी छापल्या जायच्या, आता देवापुढे ठेवायला आणि जवळच्या नातेवाइकांपुरत्या. पण ज्या थोड्या छापायच्या त्या लोकांना देखण्या हव्या असतात आणि त्यासाठी ते जास्त पैसे मोजतात. इथे तुमच्या तरुणांना काम आहे. जे. जे.च्या उपयोजित कला विभागातली मुलं इथून हाकेच्या अंतरावर शिकतात. त्यांच्यातल्या कुणी नवा अक्षरघाट, नवी चित्रं घेऊन दुकानाला वेगळा अल्बम करून द्यावा. ऑर्डर मिळाली की त्याला ठरलेला वाटा. पोस्टर, वह्या, पंचांगाच्या धर्तीवरची कॅलेंडरं असा तयार माल दुकानात जांगडवर ठेवावा: विकला तर पैसे, नाही तर माल परत. दुकानदाराचा खिसा रिकामा होत नाही, चित्रकाराला भाड्याची जागा लागत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी मागच्या खोलीतली छपाई पुढच्या काउंटरवर आणा. मेट्रोतून वर आलेला माणूस थांबून बघेल असं दृश्य आहे ते.

'तात्पुरती दुकानं' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो, त्याचं कारण सांगतो. ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात छान चालली. २००८ मध्ये मार्कस वेस्टबरी नावाच्या माणसाने 'रिन्यू न्यूकॅसल' काढलं. हंटर स्ट्रीटवरच्या रिकाम्या जागा कलाकारांना तीस-तीस दिवसांच्या परवान्यावर दिल्या. पैसे देणारा भाडेकरू आला की जागा सोडायची. मालकाला भीती नाही, कलाकाराला डोक्यावर छप्पर. पण तिथे जागेचा मालक एकच होता. आपल्या गाळ्यात इमारतीचा मालक एक, पागडीवाला, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन कायमचा झालेला भाडेकरू, दुसरा, प्रत्यक्ष बसणारा कधीकधी तिसरा. आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवला तर तेवढ्यावरून भाडेकरूला जागा खाली करायला लावता येते. पुनर्विकासाच्या तोंडावर मालक अशा कारणाची वाटच बघत असतात. म्हणून पागडीच्या गाळ्यात कलाकाराला 'महिनाभर बस' असं तोंडी सांगू नका, इन्स्टाग्रामवर त्याचे फोटो तर मुळीच टाकू नका. एक तर मालकाची लेखी संमती घ्या, नाहीतर वर सांगितलं तसं जांगडवर भागवा. पूर्ण मालकीचे किंवा संस्थांचे रिकामे हॉल आहेत, तिथे न्यूकॅसलचा कित्ता गिरवता येईल.

पोटमाळ्यावर गॅलरी करण्याची कल्पना कुणीतरी मांडली आहे. लाकडी जिना, खाली कागदाचे रीम, वर माणसं. कमला मिलमध्ये २०१७ च्या डिसेंबरात काय झालं आठवा, आगीत १४ जीव गेले. बाहेर जायला दुसरी वाट नसेल तर वर गर्दी नेऊ नका. यावर चर्चा नको.

आता वेळेबद्दल. साहित्य संघात किंवा ऑपेरा हाउसमध्ये रात्रीचा प्रयोग सुटतो तेव्हा आपला बाजार झोपलेला असतो. प्रेक्षक थेट चर्नी रोड गाठतो. गिरगावात नाटकाला येणारा माणूस म्हणजे खर्च करायच्या तयारीने घराबाहेर पडलेला माणूस, आणि आपण त्याला शटर दाखवतो. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर वेळेची जुनी बंधनं राहिलेली नाहीत, वर्षाचे सगळे दिवस दुकान उघडता येतं. अडचण आहे ती माणसांची: मालक दुपारी जेवून दीड तास आडवा होतो आणि रात्री नऊला त्याला घरी जायचं असतं. नवरा-बायको दोघंच दुकान सांभाळत असतील तर त्यांना आणखी दोन तास बसा असं मी सांगणार नाही. पण प्रयोगांचं महिन्याचं वेळापत्रक आधी हाती असतं. प्रयोगाच्या दिवशी दुकान उशिरा उघडून उशिरा बंद करायला काय हरकत आहे? तिकिटाचा अर्धा भाग दाखवला की मिसळीवर किंवा पुस्तकावर सूट, एवढं साधं जमवा. दहानंतर स्पीकर मात्र बंद. दुकानांच्या डोक्यावर लोक राहतात, त्यांची पोरं परीक्षेची असतात.

भिंतींच्या चित्रांबद्दल मी फारसं बोलत नाही. ससून डॉकवर २०१७ मध्ये कलाप्रकल्प झाला तो चांगला होता, पण तिथे मासळीचा लिलाव रोज पहाटे चालूच होता, चित्रं त्याच्या आजूबाजूला आली. बंद शटरवर फुलपाखरू काढलं तर ते बंद शटरच राहतं.

फेरीवाल्यांबद्दल तुमच्या मंडळात दोन तट आहेत असं दिसतं. माझं म्हणणं बऱ्याच दुकानदारांना आवडणार नाही. संध्याकाळी भाजी, फुलं, मासळी घ्यायला बाई खाली उतरते म्हणून ती पुढे ब्लाउजपीस आणि वाती घ्यायला थांबते. भाजीवाल्याला हाकललं की ती बाई खाली उतरायचीच बंद होते, ॲपवरून दहा मिनिटांत मागवते. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात जागा ठरवून देण्याची सोय आहे. दुकानाची पायरी आणि चालायची वाट मोकळी ठेवून ओळ आखून घ्या, भांडण तिथेच मिटवा.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर मुद्दा, ज्याचा तुमच्या बेतात उल्लेखच नाही: पुनर्विकास. या पट्ट्यातल्या बहुतेक इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती आहेत, त्यामुळे विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या पुनर्विकासाच्या नियमाखाली कधी ना कधी जाणार. त्या नियमात दुकानदाराला जितका गाळा होता तितकं क्षेत्रफळ मिळतं. क्षेत्रफळ मिळतं म्हणून सगळे खूश होऊन सह्या करतात. पण गाळा कुठे मिळणार, हे कुणी नीट वाचत नाही. मी बघितलेल्या एका इमारतीत रस्त्याकडचा सगळा दर्शनी भाग प्रवेशद्वाराला आणि शोरूमला गेला, जुने गाळे पार्किंगच्या मागे आतल्या अंगाला. शिंपी, घड्याळवाला, पूजा-साहित्यवाला, सगळ्यांना चौरस फूट बरोबर मोजून मिळाले. गिऱ्हाईक मिळालं नाही. वर सोसायटीचा मेंटेनन्स आधीच्या भाड्याच्या कित्येक पट. दोनेक वर्षांत बहुतेकांनी गाळे विकले. बाजार मॉलने मारला असं लोक म्हणतात, पण हा बाजार नकाशावर मारला गेला होता आणि त्यावर त्याच लोकांच्या सह्या होत्या.

मॅजेस्टिकचंच बघा. १९३१ मध्ये 'आलम आरा' जिथे पहिल्यांदा लागला ते थिएटर गेलं आणि तिथे शॉपिंग सेंटर आलं. निदान त्यात रस्त्याला लागून दुकानं तरी राहिली. आता जे टॉवर येतायत त्यात तळमजल्याला काचेची लॉबी आणि सुरक्षारक्षक. पन्नास फूट लांबीची अशी एक लॉबी पडली की माणूस पुढच्या दुकानापर्यंत चालत जात नाही, परत फिरतो.

म्हणून मंडळाच्या पुढच्या बैठकीत महोत्सवाचं बजेट मांडण्याआधी दोन कामं करा. पहिलं, ठाकूरद्वार ते प्रार्थना समाज प्रत्येक गाळ्याची यादी: धंदा कोणता, पागडी की मालकी, इमारतीचा प्रस्ताव कुठल्या टप्प्यावर, पुढची पिढी बसणार की नाही. दोन कॉलेजची मुलं आणि एक जुना माणूस बरोबर दिलात तर होईल. जुना माणूस हवाच, नाहीतर पागडीबद्दल कुणी तोंड उघडणार नाही. दुसरं, ज्या इमारतींचे करार अजून झालेले नाहीत तिथल्या दुकानदारांनी एकत्र येऊन तीन गोष्टी करारात लिहून घ्यायच्या: गाळा रस्त्यालगत तळमजल्यावर, दर्शनी रुंदी आहे तितकी, आणि बांधकामाच्या काळात जवळपासच पर्यायी जागा किंवा तिचं भाडं. वकील एकत्र करा, वेगवेगळे केलेत की बिल्डर एकेकाला गाठतो.

करारातल्या कलमांचा मसुदा तयार झाला की व्यक्तिगत निरोपातून पाठवा, नजरेखालून घालतो. आणि कांदेवाडीतल्या कुणाशी बोलायचं असेल तर आत्ता जा, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की त्यांना मान वर करायला वेळ नसतो.